माय मोजत होती

माझ्या लघवीचा रंग बिनदुधाच्या चहासारखा झाला त्या सकाळी मी सतरा वर्षांची होते, आणि मनात पहिला विचार आला तो हा, की आप्पांना कळलं तर मारतील. आजाराची भीती नंतर आली. बरीच नंतर.

हे मुद्दाम आधी सांगतेय. कारण ज्या पोरींसाठी मी हे लिहायला बसलेय, त्यांच्या घरातही क्रम असाच असणार. आधी बापाची भीती, मग मरणाची.

काटा

भडगावपासून जवळच, गिरणेच्या काठावर आमचं गाव. आप्पांची पिठाची चक्की आहे. आप्पा म्हणजे माझे वडील. तरुणपणी त्यांनी तीनदा पोलीस भरती दिली आणि तीनही वेळा धावण्यात काही सेकंदांनी राहिले. चौथ्या वेळी वय निघून गेलं. मग मी झाले, आणि पाच वर्षांनी पूनम. मुलगा झाला नाही म्हणून आप्पा कधी कुरकुरले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. ते म्हणायचे, वर्दीला पोरगा-पोरगी काय कळतं? लोकांना हे ऐकून फार कौतुक वाटायचं. मलाही वाटायचं.

मी नववीत गेले तेव्हा सुरुवात झाली. पहाटे पाचला नदीकडच्या रस्त्यावर धावायचं. मी पुढे, आप्पा मागे मोटरसायकलवर. त्यांच्या हातात चक्कीचा जुना पट्टा असायचा. चक्की ज्याच्यावर फिरते तो रबरी कापडी पट्टा, झिजला की कापून फेकतात. त्याचा हातभर तुकडा त्यांनी ठेवला होता. वेग कमी झाला की तो पोटरीवर बसायचा. गाडीचा लाइट मागून येत असल्यामुळे स्वतःची सावली समोर पळताना दिसायची, आणि सावलीचा हात वर गेला की कळायचं, आता लागणार.

खाणंही ठरलेलं. सकाळी भिजवलेले हरभरे आणि अंड्यांचा पांढरा भाग, दुपारी वरण, संध्याकाळी एक भाकरी. तेल, शेव, गोड बंद. आप्पा स्वतः मात्र तर्रीदार शेवभाजी ओरपायचे. चक्कीच्या ओट्यावरून गादीपर्यंत, याहून जास्त ते चालायचे नाहीत. त्यांच्या पोटाकडे बघून मला कधी हसू आलं नाही, कारण हसण्याची किंमत मला ठाऊक होती.

दर रविवारी वजन. कशावर, तर धान्य तोलायच्या काट्यावर. चक्कीत बाया दळण घेऊन बसलेल्या असायच्या, त्यांच्यासमोर मी चपला काढून त्या लोखंडी पाटावर उभी राहायचे. ज्वारी उतरली की मी चढायचे. आप्पा आकडा मोठ्याने वाचायचे. कमी झाला की बायांना सांगायचे, "पाहा, पोर कशी घडी राहिनी!" वाढला की फक्त पट्ट्याकडे बघायचे.

बट्टी

मे महिन्यात पारोळ्याला मामाच्या मुलीचं लग्न होतं. हळदीच्या दिवशी वरण-बट्टीचं जेवण. आमच्याकडे पंगतीत वाढणारा तुपाची कळशी घेऊन येतो आणि तुम्ही ताटावर हात आडवा धरला तरी बोटांवरून तूप सोडतो. नको म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. मी हात धरला, मामाने हात बाजूला केला, आणि मी खाल्लं. तीन बट्ट्या, कुस्करून, तुपात बुडवून. वर वांग्याची भाजी. खरं सांगू? दोन वर्षांत मी पोटभर जेवले ते तेवढंच. रडू येत होतं खाताना.

रविवारी काट्याने दीड किलो जास्त दाखवलं.

"काय खाधं व तू लगीनमा?" आप्पांनी विचारलं.

मी खोटं बोलले नाही. कसं बोलणार, आकडा समोर होता.

चक्कीच्या मागे पत्र्याखालची मोकळी जागा आहे. सकाळचे दहा वाजले होते आणि पत्रा तापून कडकड वाजत होता. आप्पा म्हणाले, हजार बैठका. मग मायला बोलावलं आणि मोजायला बसवलं. हे नेहमीचंच होतं. आप्पा पट्टा घेऊन खुर्चीत, माय पायरीवर, आणि मी मध्ये. मोजणारी नेहमी माय असायची.

दोनशेपर्यंत मी ठीक होते. तीनशेला मांड्या थरथरायला लागल्या. मी पाणी मागितलं.

"पाणी पिधं का दम गया," आप्पा म्हणाले.

हे त्यांना त्यांच्या तालमीतल्या वस्तादांनी शिकवलं होतं. व्यायामात पाणी प्यायचं नाही, व्यायामानंतर अर्धा तास प्यायचं नाही, पाण्याने दम फुटतो. आमच्या भागात अजूनही अर्ध्या पोरांना हेच सांगतात. माठ माझ्यापासून चार पावलांवर होता. त्याच्या खाली ओल आली होती आणि त्या ओलीत एक कोंबडी उभी होती.

तीनशे चाळीसनंतर मायने एकदम तीनशे साठ म्हटलं. मला वाटलं मलाच भास झाला. मग चारशे दहानंतर चारशे तीस. ती माझ्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत मोजत होती. आयुष्यात माझ्यासाठी कुणी एवढं मोठं काही केलं नव्हतं.

पाचशेला आप्पा उठले. त्यांनी मायच्या तोंडात अशी मारली की तिचा दात ओठात रुतला. मग ते पुन्हा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "परत एक म्हन."

माय रक्त पुसून म्हणाली, "सोडी द्या तिले. मरी जाई पोर."

पट्टा तिच्या खांद्यावर बसला. मग दुसरा. तिसरा उगारला तेव्हा मीच ओरडले, "माय, मोज!" आणि खाली बसले.

तिने एक म्हटलं.

मी कितीव्या बैठकीला पडले ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच की पडल्यावरही पट्टा चालू होता, आणि मायचा आवाजही. तिला कळलंच नव्हतं की मोजायला काही उरलं नाही.

गाठी

दुसऱ्या दिवशी संडासात बसले ती उठता येईना. भिंतीला धरून, मग पूनमने काखेत हात घालून मला उभं केलं. मांड्या सुजून टणक झाल्या होत्या. आप्पांनी दाबून पाहिल्या आणि खूश झाले. म्हणाले, मसल बनतोय. गावातल्या डॉक्टरकडून दुखणं थांबवायचं इंजेक्शन देऊन आणलं. त्यांना वाटलं, आपण काळजी घेतोय. मला पुढे कळलं की त्या इंजेक्शननेही नुकसान केलं. हा त्यांचा दोष धरत नाही. बाकीचे पुरे आहेत.

तिसऱ्या दिवशी तो काळा चहा. संध्याकाळी तोही बंद झाला. चेहरा सुजला, आणि जे खाल्लं ते उलटून पडलं.

चौथ्या दिवशी सकाळी आप्पा धान्य आणायला गेले होते. मायने डोक्यावर पदर घेतला, पोटमाळ्यावरची पिशवी काढली आणि म्हणाली, "कोनले काही विचारानं नही. चाल." लग्नाला वीस वर्षं झाली होती तिच्या. न विचारता ती उंबऱ्याबाहेर पडली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

जळगाव

भडगावच्या डॉक्टरने मांडीला बोट लावलं, मायने डब्यात भरून आणलेली आदल्या दिवसाची लघवी पाहिली आणि गाडी बोलावली. जळगावच्या दवाखान्यात एक डॉक्टर मॅडम होत्या, बारीक चणीच्या, चष्मा केसांत खोचलेला. त्यांनी मला समजेल असं सांगितलं. शरीराला झेपेल त्याच्या पलीकडे राबवलं, तेही पाण्याविना, की स्नायू फुटतात. फुटलेल्या स्नायूंचा कचरा रक्तात जातो आणि किडन्या तुंबतात. तुझ्या तुंबल्या आहेत. मशीनवर रक्त धुवावं लागेल.

मी विचारलं, "आणि भरती?"

मॅडमनी माझ्या पोटरीवरची चादर वर केली. जुने वळ, नवे वळ. त्यांनी मायच्या ओठाकडे पाहिलं. मॅडम बाहेर गेल्या आणि फोन लावताना मी त्यांचा आवाज ऐकला. त्या पोलिसांना कळवत होत्या.

मला आठवतंय, मी घाबरून मायचा हात धरला होता. घरात पोलीस यावेत म्हणून तर हे सगळं चाललं होतं. आले, पण असे.

दिवस

मानेत नळी. एक दिवसाआड मशीन. चार तास पडून राहायचं आणि स्वतःचं रक्त नळीतून बाहेर जाताना आणि परत येताना बघायचं. अंगात थंडी भरायची, मे महिन्यात, जळगावात. लोक हसतील, पण त्या थंडीने मला बरं वाटायचं.

सगळ्यात क्रूर गोष्ट म्हणजे तिथेही पाणी मिळेना. लघवी होत नाही तोवर पाणी मोजून. दिवसाचा वाटा एका बाटलीत, तिच्यावर पट्टी मारलेली. मी सिस्टरला शिव्या घातल्या. घाणेरड्या, चक्कीवर ऐकलेल्या. तिने ऐकून घेतल्या आणि बर्फाचा एक तुकडा रुमालात गुंडाळून माझ्या ओठांना लावला. म्हणाली, "हा हिशोबात नाही धरत मी." तिचं नाव मी कधी विचारलं नाही, याची लाज वाटते.

आप्पा दुसऱ्या दिवशी पोचले. हातात उकडलेल्या अंड्यांची पिशवी. मॅडमना म्हणाले, "मी रोज हजार काढायचो. मला काही झालं नाही."

मॅडम म्हणाल्या, "मग आजही काढा. बाहेर ऊन आहे, काढून दाखवा."

आप्पांचा चेहरा काळवंडला. मॅडमवर हात चालणार नव्हता, म्हणून तो व्हरांड्यात मायवर चालला. "तू आनं हिले आठे!" मी आतून फक्त आवाज ऐकला, डोकं भिंतीवर आपटल्याचा. शेजारच्या खाटेवरच्या बाईचे दोन भाऊ धावले आणि त्यांनी आप्पांना खाली पाडलं, लाथाही घातल्या. बाप मार खातोय हे ऐकून मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. मग रडू आलं, आणि ते कुणासाठी होतं ते अजून ठरलेलं नाही.

जबाब

जबाब घ्यायला आल्या त्या महिला कॉन्स्टेबल. तिशीच्या असतील. कडक इस्त्रीची वर्दी, पॉलिश केलेले बूट. मी त्या बुटांकडेच बघत राहिले. आप्पा खाटेच्या पायथ्याशी सावधानमध्ये उभे राहिले, खरोखर टाचा जुळवून, आणि म्हणाले, "साहेब, पोर पुढच्या भरतीला आहे."

त्यांनी आप्पांना बाहेर काढलं. मग मला विचारलं, कुणी केलं?

"मीच. भरतीसाठी. बैठका माझ्या मनाने केल्या."

"आणि हे वळ?"

"पडले."

त्यांनी लिहून घेतलं. पेन बंद करून म्हणाल्या, "मी उद्याही येणार आहे."

मी का खोटं बोलले? मला वाटलं होतं, माझं तर झालं ते झालं, मी बाहेर पडले यातून. बाप तुरुंगात गेला तर चक्की बंद, घर बंद. आणि, हे लिहायला जड जातंय, मला अजूनही त्यांनी शाब्बास म्हणावं असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मामा पूनमला घेऊन आला. बारा वर्षांची पूनम. लिफ्टला गर्दी म्हणून जिने चढून आलेली, केस घामाने कपाळाला चिकटलेले, ओठ सुकलेले. सिस्टरने तिच्यापुढे पाण्याचा ग्लास धरला.

पूनम म्हणाली, "नको. धाप लागलेली असताना पाणी नाही प्यायचं. अर्धा तास थांबायचं असतं."

तिथे आप्पा नव्हते. पट्टा नव्हता. कुणी तिला सांगितलं नव्हतं. ग्लास तिच्यासमोर होता आणि ती लांब बघत गिळत होती, नुसती थुंकी.

मग माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाली, "ताई, तू बरी होईस्तोवर काट्यावर मी चढतेय. आप्पा म्हणाले, आता मनी पाळी."

कॉन्स्टेबल दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्या पूनमजवळ आल्या, तिची बट बाजूला केली. डाव्या कानाची पाळी दोन भागांत फाटून शिवलेली होती.

"हे कधी झालं? हे पण वडिलांनी?"

हो म्हणायला किती सोपं होतं. पूनमही काही बोलणार नव्हती. तिने तर मान खालीच घातली.

"नाही," मी म्हटलं. "ते मी केलं."

मागच्या दिवाळीत तिने दुकानातून शेवेचं पाकीट आणलं होतं आणि माझ्यासमोर खात होती. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आणि त्याचाच मला संताप आला. मी तिच्या कानाखाली इतक्या जोरात मारली की बाळी माझ्या बोटात अडकली आणि कान फाटला. शेव रक्तात सांडली. आप्पा चक्कीतून बाहेर आले, बघितलं आणि मला म्हणाले, शाब्बास.

मी हे सांगितलं. मग आधीचं सगळं सांगितलं. काटा, मोटरसायकल, मायचं मोजणं, ओठ, परत एक. दीड तास लागला. मध्ये दोनदा उलटी झाली. कॉन्स्टेबल लिहीत राहिल्या, आणि शेवटी त्यांनी सहीसाठी कागद पुढे केला.

नंतरचं

आप्पांवर केस झाली. काही दिवस आत होते, मग जामीन झाला. तारखा अजून पडतात. पारोळ्याहून, धुळ्याहून, कुठून कुठून नातेवाईक आले आणि बापाला पोलिसात देणारी पोरगी बघून गेले. एका काकांनी माझ्या उशाशी बसून सांगितलं की तुझ्या भल्यासाठीच करत होता तो. मी त्यांना म्हटलं, उठा आणि काढा हजार बैठका, तुमचंही भलं होऊ द्या. ते उठले आणि घरी गेले.

तीन आठवड्यांनी लघवी सुरू झाली. त्या दिवशी मी, माय आणि सिस्टर, तिघी भांड्यात डोकावून बघत होतो आणि हसत होतो. किडन्या सावरल्या. मॅडमनी सांगितलं, नशीब म्हण. वर्षभर जोराचा व्यायाम बंद.

आम्ही तिघी पारोळ्याला मामाकडे राहिलो, अजून तिथेच आहोत. एकदा आप्पा दारात आले. वाळले होते. मायला म्हणाले, घरी चला, मी कुणाला हात लावणार नाही. पूनमची भरती आता फार दूर नाही, सुरुवात तर करायला हवी. पट्टा जाळून टाकला. तू फक्त मोज.

माय उंबऱ्याच्या आत उभी होती. ओठावरचा व्रण अजून आहे तिच्या. म्हणाली, "मी आते मोजत नही."

आणि दार लावलं.

तुमच्यापैकी कुणी असं राबत असेल तर दोनच गोष्टी ऐका. तहान लागली की पाणी प्या, जगातला कुठलाही दम त्याने जात नाही. आणि लघवी काळी दिसली तर कुणाच्या परवानगीची वाट न बघता मोठ्या दवाखान्यात जा. बाकीचं आपलं आपण नंतर भांडू.

मला इथे थांबता आलं असतं. पण गेल्या आठवड्यातलं सांगितल्याशिवाय हे खरं होणार नाही.

पूनम आता पंधराची आहे. संध्याकाळी ती मैदानावरून पळून आली. तिला आवडतं पळायला, कुणी न सांगता जाते. मामीने ताटलीत शेव ठेवली होती. पूनमने बाहेरच्या बाहेर मूठ भरली आणि तोंडात टाकली, पाठोपाठ दुसरी. मी आत अभ्यास करत होते. पाहिलं आणि उठून तिच्याकडे गेले. का गेले ते मला माहीत नाही. माझा हात वर होता.

पूनमने डोळे मिटले आणि कोपर तोंडापुढे धरलं. डावा कान झाकून.

आप्पा तिथून पन्नास किलोमीटर दूर होते. अंगणात फक्त मी होते.

हात तसाच राहिला वर. मग मी तो खाली आणला आणि पायरीवर बसले. तिने कोपराआडून एक डोळा उघडला.

"तू बी मोजशी का, ताई?"

"नाही," मी म्हटलं.

तिला लगेच पटलं नाही. का पटावं? तिने ताटली जमिनीवरून सरकवत माझ्याकडे ढकलली आणि स्वतः हाताच्या अंतराबाहेर बसली. मी मूठ भरून शेव खाल्ली, पाच वर्षांत पहिल्यांदा. तिखट होती. पूनम उठली, माठातून दोन ग्लास पाणी आणलं, एक माझ्यापुढे ठेवला आणि दुसरा माझ्याकडे बघत बघत, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.